बाळगोळी ते पुडी : विकणाऱ्यांचा इतिहास

आपल्या वस्तीत इतिहास लिहायला कुणी येत नाही. पंचनामा लिहायला मात्र येतात. पोरगं गटाराच्या कडेला मरून पडलं की हवालदार येतो, कागदावर नाव लिहितो, वय अंदाजे लिहितो, आणि खाली लिहितो, 'व्यसनी होता'. झालं. दोन शब्दांत माणूस खलास. त्यानं काय घेतलं, ते कुठं बनलं, कुणी आणलं, त्यावर कुणाचा बंगला उभा राहिला, ह्याला त्या कागदावर रकाना नाही.

तो रकाना भरायला मी बसलोय.

मी कागदाच्या मिलमध्ये पाळीवर काम करतो. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या गोणीत झालं. लगदा व्हायला येणाऱ्या रद्दीत जुने अहवाल येतात, गॅझेटियरची सुटी पानं येतात, फाटकी चरित्रं येतात. हाती लागेल ते मी बाजूला ठेवतो, आणि राहिलेलं सुटीच्या वारी लायब्ररीत जाऊन वाचतो. असं वाचता वाचता एका सवालाचं उत्तर गोळा झालं. हा सवाल मला चांगल्या कपड्यातली माणसं नेहमी विचारतात : "तुमच्या लोकांत व्यसन फार, नाही का?"

तुमच्या लोकांत! जशी काय दारू आमच्या रगतातच पिकते.

म्हणून आधी हे साफ करून टाकू. नशा सगळ्यांची आहे आणि जुनी आहे. ताडामाडाची ताडी, मोहाची दारू, शेतातला गांजा, देवळातली भांग. शिवरात्रीला भांग घोटतात तिला प्रसाद म्हणतात. बैराग्याच्या हातात चिलीम असली की ती साधना. तीच चिलीम आमच्या पोराच्या हातात आली की गुन्हा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातसुद्धा ही गंमत आहे. गांजाच्या झाडाचा शेंडा आणि चरस बेकायदा, पण त्याच झाडाची पानं कायद्याच्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग सुटली. झाड एकच. कोण ओढतो, कुठं बसून ओढतो, त्यावर पाप-पुण्य ठरतं. जातीच्या देशात नशेलाही जात आहे.

पण ताडी-मोहाची नशा एक, आणि कंपनीनं गोणीत भरून, मोजून, जकात लावून विकलेली नशा दुसरी. पहिली माणसाच्या सणासुदीला होती. दुसरी बाजाराची झाली. तिचा हिशेब लिहिलेला आहे, आणि त्या हिशेबातलं एक मोठं पान आपल्या पुण्यात दगडाचं उभं आहे.

ससून हॉस्पिटल बघितलं नाही असा पुण्यातला गरीब दाखवा. आमच्या स्टेशनमागच्या वस्तीतली निम्मी माणसं तिथं जन्मली, आणि बरीचशी तिथंच संपली. ते १८६७ साली सुरू झालं. नाव डेव्हिड ससून ह्यांचं. १७९२ साली बगदादमध्ये जन्मलेले हे ज्यू व्यापारी १८३० नंतर मुंबईत आले. १८६४ साली पुण्यात वारले. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हंजे ज्यूंच्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांनी दिलेल्या देणगीतून दवाखाना झाला, सिनेगॉग झालं, पंगू-निराधारांचं घर झालं. दान खरं आहे. ते नाकारायचं कारण नाही. त्या दवाखान्यानं आपली कितीतरी माणसं जगवली.

पण पैसा कशाचा? कापसाचा होता, कापडाचा होता, आणि चीनला जाणाऱ्या अफूचा होता.

माळव्यात अफू पिकायची. इंदूर, उज्जैन, रतलाम ह्या भागातली. बंगाल-बिहारातली अफू इंग्रज सरकार स्वतः पिकवून घ्यायचं आणि लिलावानं विकायचं. माळव्याची अफू संस्थानांच्या मुलखातली, म्हणून तिच्यावर वाटेत जकात घ्यायचं. अफूवाले ती चुकवून सिंध, कराची, दमण अशा आडवाटेनं माल न्यायचे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला, ती वाट बुजली, माल मुंबईला वळला. जकात पेटीमागं १२५ रुपये होती, ती १८४७ पर्यंत ४०० वर नेली. एका पेटीत साठ किलोच्या वर अफू. एका काळात हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नातला सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता. चीनच्या बादशहानं अफू नको म्हटलं, जप्त केली, तर इंग्रजांनी १८३९ ते ४२ लढाई केली आणि १८५६ ते ६० परत केली. एका देशाला नशा विकत घ्यायला लावण्यासाठी तोफा. इतिहासाच्या पुस्तकात ह्याला व्यापाराचं स्वातंत्र्य म्हणतात.

ह्या व्यापारात मुंबईचे जमशेटजी जीजीभाई पुढं होते. १८४२ साली ते सर झाले, १८५७ साली बॅरोनेट झाले. पुण्यात बंडगार्डनला मुळा-मुठेवर जो जुना बंधारा झाला, त्यात त्यांचा मोठा पैसा. त्यांच्यानंतर ससून घराण्यानं अफूचा बाजार हातात घेतला. ह्यात पारशी होते, ज्यू होते, मारवाडी होते, गुजराती होते, आणि सगळ्यांच्या वर गोरं सरकार होतं. मी एका धर्माकडं बोट दाखवत नाही. बोट तिजोरीकडं आहे. म्हणून सांगतो, पुण्याच्या पाण्यात आणि पुण्याच्या दवाखान्यात कुठंतरी चीनच्या त्या अफूबाजाचा हिस्सा आहे. त्याचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

इकडं पुण्यात दारूचं काय होतं? पेशवाईत दारूवर बंदीची भाषा होती. इंग्रज आले, लष्कर आलं, कॅम्प आला, दुकानं आली. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. मक्तेदार नेमायचा, दारू त्याच्या दुकानात, कर सरकारात. घरी गाळली तर गुन्हा. म्हंजे ज्यानं आपल्या झाडाचा मोह आपल्या मडक्यात गाळला तो गुन्हेगार, आणि ज्यानं तोच सरकारी शिक्क्यानं विकला तो शेठ. ताडीच्या झाडाला कर बसला. आदिवासी आणि भंडारी ह्यांच्या हातातलं काम गेलं, पिणं तेवढं राहिलं. आमच्या वस्तीजवळच्या रस्त्याचं नाव ताडीवाला. हे पारशी आडनाव, धंद्यावरून पडलेलं. धंद्याचं आडनाव झालं, आडनावाचा रस्ता झाला. ताडी काढणाऱ्याच्या नावाचा रस्ता मी अजून बघितला नाही.

ह्यावर पुण्यात पहिला हिशेबी सवाल कुणी केला? जोतिबांनी. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली शहरात दारूची दुकानं वाढायला लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून विरोध केला. एका बाजूनं तुम्ही लोकांच्या आरोग्यावर खर्च करता आणि दुसऱ्या बाजूनं दारूचे गुत्ते चालू देता, ह्यानं घरं बुडतात, हे त्यांचं म्हणणं. दारुडा पापी आहे असं प्रवचन त्यांनी केलं नाही. दुकान कोण उघडू देतं, हे विचारलं. पुढं १९०८ साली टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांपुढं स्वयंसेवक उभे राहिले, गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायला लागले. तेही झालं. पण जोतिबांचा सवाल जास्ती खोल होता, कारण तो गिऱ्हाइकाला विचारलेलाच नव्हता.

आता मुंबईला चला. पुण्याचा इतिहास सांगताना मुंबईला जावं लागतं, कारण आमची घरं तिथून आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेक परत आत गेलेच नाहीत. त्या लोंढ्यात माझा आजा परळ सोडून पुण्याला आला. पण मी सांगतो ती गोष्ट त्याच्याही आधीची, माझ्या आजीच्या आईची. ती गिरणीत रिळिंगला होती. गिरणीचं नाव इथं लिहीत नाही. एका गिरणीचं नाव लिहिलं तर बाकीच्या सुटतील.

आजी सांगायची, "माझी आय मला गोळी देऊन कामावर जायची. कणभर बोटाला लावायची, टाळूला फासायची. मंग मी संध्याकाळपर्यंत गप. माझ्या आधीची दोन गेली. मी ऱ्हायले."

ती गोळी म्हंजे बाळगोळी. बाळगोळीत अफू. दुकानात उघड मिळायची. अफू विकायचा परवाना सरकार द्यायचं.

लहानपणी मला ही आजीची एक गोष्ट वाटायची, भुताखेताची असते तशी. मग एकदा जुन्या कामगारांविषयीच्या लिखाणात डॉ. बार्न्स ह्यांच्या अहवालाचा उल्लेख सापडला. ह्या बाईंना मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. १९२२ साली त्यांचा अहवाल सरकारच्या लेबर गॅझेटात आला. त्यात लिहिलंय की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या ९८ पोरांना अफू दिली जाते.

९८! परत वाचा. शंभरातली दोनच पोरं सुटली. म्हंजे माझी पणजी निर्दय नव्हती, अडाणीही नव्हती. अख्ख्या गिरणगावाची आई तीच करत होती, कारण दुसरा रस्ता नव्हता. दहा तास कामाचे, त्यात जायचा-यायचा वेळ. पाळणाघर नाही. पोराला सोबत न्यावं तर खात्यात धूळ, कापसाचे तंतू, आणि जॉबरच्या शिव्या. घरी सोडावं तर कुणाकडं? शेजारीणही गिरणीतच. मग पोराला सांभाळणारी दाई कोण? अफू.

आता अफू पोराच्या अंगात काय करते ते सांगतो, कारण हे आजही उपयोगाचं आहे. अफूच्या चिकात मॉर्फिन असतं. ते मेंदूतलं दुखणं बंद करतं, झोप आणतं, आणि श्वास मंद करतं. मोठ्या माणसाचा श्वास थोडा मंद झाला तर तो निभावतो. तान्ह्या पोराचा श्वास थांबायला फार लागत नाही. भूक मरते, पोट बांधतं, पोर रडत नाही म्हणून कुणी दूध पाजत नाही, अंगावर मांस धरत नाही. मग साधा खोकला आला तरी जातं. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागं सहाशेच्या वर बालमृत्यू नोंदले गेले. नोंदणीत गोंधळ असेल, पुष्कळ बाळंतपणं गावी व्हायची हे धरलं, तरी आकडा अंगावर येतो. एका खोलीच्या चाळीत तो सगळ्यात जास्ती होता.

आता साखळी जोडा. चीनला अफू विकून मुंबईत पैसा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो चीनचा धंदा करारानं आखडत गेला आणि १९१३ ला तिकडं माल जाणं थांबलं. तोपर्यंत त्यातल्या पुष्कळांचा पैसा गिरण्यांत शिरला होता. १९२० च्या सुमारास मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या गिरणीमालकांत ई. डी. ससून कंपनी होती, त्याच घराण्याची. अफूच्या पैशाची गिरणी, त्या गिरणीत आई, आणि आईच्या पोराच्या तोंडात परत अफू. चक्र पुरं झालं. एवढं मोठं मशीन मी माझ्या मिलमध्येही बघितलं नाही.

आणि ह्यात आमचा वेगळा हिस्सा आहे, तोही लिहिला पाहिजे. अस्पृश्याला विणाई खात्यात घेत नव्हते. जास्ती पगाराचं खातं ते. कारण धोट्यातून सूत ओढताना विणकराला तोंड लावावं लागायचं, आणि आमच्या तोंडानं सूत बाटायचं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. म्हणून आमचे लोक रिंगला, रिळिंगला, कमी पगारात. ध्यानात घ्या : आमच्या तोंडाचा स्पर्श धाग्याला चालत नव्हता. आमच्या तान्ह्या पोराच्या तोंडात मात्र अफू चालत होती.

त्याच १९२८ च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्यानं त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. १९२९ साली कायदा झाला. लोक बाबासाहेबांचं पाणी आठवतात, मंदिर आठवतात. मला वाटतं बाळगोळीच्या विरोधातला आपला पहिला खरा कायदा हाच. त्यात अफूचं नाव नसेल, पण आईला घरी राहायचे काही आठवडे पगारी मिळाले तर तेवढे दिवस पोराला गोळी लागत नाही. व्यसन असं तुटतं. आधी त्याची गरज तोडावी लागते.

स्वातंत्र्य आलं. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून सगळीकडं बंदी. श्रीमंताला तब्येतीसाठी परमिट, गरिबाला पोलिसाची काठी. मग हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे, खाडीचा चिखल. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीवर टीका आहे : दारू गाळणं घराघरात शिरलं, बायकापोरं त्यात ओढली गेली, आणि सरकारचं उत्पन्नही बुडालं. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शील तेच. काही लोकांना हे उलटसुलट वाटतं. मला नाही वाटत. पोलिसाच्या काठीनं सोडवायची नाही, स्वतःच्या मनानं सोडायची, इतकं ते सरळ आहे.

१९७३ च्या नियमांनी देशी दारू परत परवान्यानं दुकानात आली, संत्र्याच्या वासाची. हातभट्टीही राहिली. तिच्यात लोभापायी मिथेनॉल पडतं. ते कारखान्याचं स्पिरिट, प्यायचं नव्हे. पोटात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईला मालवणीत शंभराच्या वर माणसं अशी मेली. सगळी कामकरी. आणि सरकारला दारूच्या करातून २०२३-२४ ह्या एका सालात वीस हजार कोटींच्या वर मिळाले. इंग्रजाला अफूनं पोसलं, ह्यांना बाटलीनं.

मग गर्द. १९८० च्या आसपास इराणमध्ये क्रांती, अफगाणिस्तानात लढाई, तिकडच्या अफूनं नवी वाट धरली आणि मुंबईला ब्राऊन शुगर उतरली. ही म्हंजे कच्चं हेरॉइन. हेरॉइन काय, तर मॉर्फिनवर प्रक्रिया करून केलेलं रसायन. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीनं ते खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं! बाळगोळीची नात म्हणा. पन्नीवर ठेवायचं, खाली काडी लावायची, धूर ओढायचा. आधी फुकट, मग उसनं, मग घरातली भांडी. वस्तीनं त्या पोरांना नाव दिलं, गर्दुल्ले. अनिल अवचटांनी ह्यावर 'गर्द' हे पुस्तक लिहिलं. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं, डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या आधारानं. ती संस्था आजही चालते. व्यसनी माणूस आजारी आहे, ही गोष्ट पुण्याला तिनं शिकवली.

आणि आता एमडी. मेफेड्रोन. शेत लागत नाही, फूल लागत नाही. केमिकलचा कारखाना आणि शिकलेला केमिस्ट पुरे. १९२९ सालीच हे रसायन प्रयोगशाळेत झालेलं. आपल्याकडं २०१५ च्या फेब्रुवारीत ते बंदीच्या यादीत आलं. पुढचं ऐका. २०२३ च्या सप्टेंबरअखेर ससून हॉस्पिटलच्या बाहेर पोलिसांनी दोन कोटींच्या आसपास किमतीचं एमडी पकडलं. तपासात नाव आलं येरवडा जेलच्या एका कच्च्या कैद्याचं, जो आजारी म्हणून त्याच हॉस्पिटलात कैद्यांच्या वॉर्डात महिनोन्महिने होता. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीला, तो तिथून पळाला. नाशिकजवळ कारखाना सापडला. तो पंधरवड्यानंतर दक्षिणेत पकडला गेला. मग २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दिल्ली इथून मिळून १,७०० किलोच्या वर एमडी पकडलं.

किलोत! आमच्या पोराकडं ग्रॅमात सापडतं. अफूच्या पैशातून सुरू झालेल्या दवाखान्याच्या दारात दीडशे वर्षांनी परत तोच धंदा उभा. मी नशीब वगैरे मानत नाही. मी एवढंच म्हणतो, माल बदलला, वाट बदलली, पण वरचा आणि खालचा बदलला नाही. कारखाना, केमिस्ट, परवाना, गाडी, हे वरच्याचं. खालच्याचं काय? पुडी, खोकला, पंचनामा.

स्टेशनावरच्या पोरांची तर पुडीचीही ऐपत नाही. ती फडक्यात सोल्यूशन घेऊन हुंगतात. त्यात टोल्युइन असतं. भूक मारतं, थंडी मारतं, मेंदू पोखरतं, आणि कधी एका दमात हृदय बंद पाडतं. आणि आमच्या बायका मिसरी लावतात, भाजलेली तंबाखू हिरड्यांना. तिला कुणी नशा म्हणत नाही. तोंडाचा कॅन्सर मात्र म्हणतो. बाळगोळीपासून मिसरीपर्यंत आणि सोल्यूशनपर्यंत एक गोष्ट सारखी आहे : ही सगळी भुकेची औषधं म्हणून आपल्या घरात शिरली.

माझ्या चुलतभावाला बटणं लागली होती, म्हंजे झोपेच्या गोळ्या. चुलत्यानं त्याला खोलीत कोंडला. दुसऱ्या दिवशी फिट आली. वाचला, कारण शेजारच्या काकूनं कडी काढली आणि रिक्षात घातला. म्हणून वस्तीसाठी चार गोष्टी साफ लिहितो.

रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडून त्याला कोंडू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, माणूस दगावतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. दवाखान्यातच सोडवा. गर्दवाल्याची 'टर्की' लागते तेव्हा अंग मोडतं, उलट्या-जुलाब होतात, तो गयावया करतो. त्यातून माणूस सहसा निभावतो. खरा धोका नंतर. अंगाची सवय उतरलेली असते, आणि पोरगं परत जुन्या मापानं घेतं. श्वास थांबतो. गर्द, दारू आणि गोळ्या एकत्र घेतल्या तर जास्तीच. असा कुणी घोरत, निळा पडत चालला तर कुशीवर वळवा आणि ताबडतोब उचला, पोलीस-बिलीस नंतर बघू. एमडीवाला दिवसच्या दिवस झोपत नाही, संशय घेतो, छाती धडधडते. त्याच्याशी भांडू नका, डॉक्टरकडं न्या.

आणखी एक. १९८५ च्या त्याच कायद्यात ६४ अ कलम आहे. थोडासा माल स्वतःसाठी बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धे टाकले तर ही सवलत जाते. आपल्या किती आयांना हे कलम माहीत आहे? पोरगं आत गेलं की वकील शोधतो, गळ्यात माळ घालतो, बुवाचा उतारा देतो. माळेनं सुटली तर आनंद आहे, माळ माझ्या वैराची नाही. पण कलम पाठ करा.

आणि बायांनो, २००८ पासून महाराष्ट्रात वॉर्डातल्या बायकांना मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं. बाटली उभी की आडवी. २००८ च्या नियमाप्रमाणं एकूण बाई मतदारांतल्या निम्म्याहून जास्ती बाटली आडवी करायला पाहिजेत, नुसत्या मत द्यायला आलेल्यांतल्या नाही. म्हणून अवघड आहे. पण जोतिबांनी १८८० साली जो सवाल पत्रानं विचारला, तो आज मतानं विचारता येतो.

पुढच्या वेळी कुणी चांगल्या कपड्यातला विचारील, "तुमच्या लोकांत व्यसन फार का?" तर त्याला माळव्याची जकात सांगा, बाळगोळीचे ९८ सांगा, कुरकुंभचे किलो सांगा. आणि ज्या घरात पोरगं पुडीवर बसलंय तिथं हे काही सांगत बसू नका. तिथं आधी रिक्षा बोलवा.